मार्गदर्शकाचा मोकळा गोल

आमच्याकडं पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो, बैल शर्यतीत पहिला आला तरी लागतो, आणि माणूस गेला तर भावपूर्ण श्रद्धांजलीचा लागतोच लागतो. माझी तक्रार नाही, त्याच्यावरच आमचं घर चालतं. शहरात उस्मानपुऱ्यात आमचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. नवरा मशीन सांभाळतो, मी कॉम्प्युटरवर डिझाइन करते, आणि गिऱ्हाइकांशी भांडायचं खातंही माझ्याकडंच आहे. नवरा भांडत नाही. त्याचं म्हणणं, घरात एक भांडणारं पुरे.

भांडणं होतात ती फोटोवरून. बाहेरच्या माणसाला वाटतं, ज्याचा वाढदिवस तो महत्त्वाचा. अहो कुठलं! खरा जीव असतो खालच्या ओळीत. तिथं गोल चौकटीत शुभेच्छुकांचे फोटो असतात, आणि त्या गोलांवरून आमच्या दुकानात रोज महाभारत होतं. माझा गोल त्याच्यापेक्षा लहान का? मी दुसऱ्या ओळीत का? एका मंडपवाल्यानं कुठल्याशा कार्यक्रमाला फुकट मंडप दिला होता आणि नेमका त्याचाच फोटो राहिला, तर तो बाप्या माणूस डोळ्यांत पाणी आणून माझ्यासमोर उभा. मी म्हणलं, "दादा, रडू नका, पुढच्या वेळी तुमचा सगळ्यात मोठा टाकते." आमच्या भागात पाण्याचे जार पुरवणाराही गोलात दिसतो. मी स्वतः मात्र कधी कुठल्या फ्लेक्सवर नव्हते. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं गोरी करून करून आपलं तोंड बघायचा कंटाळा येतो.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते त्या गोलापायी झालं.

माझी थोरली बहीण वैजापूरकडच्या एका खेड्यात दिलेली आहे. दाजी मार्केट यार्डात एका कांद्याच्या अडतीवर कामाला असतात. त्यांना एकुलती एक लेक. कॉलेजला असताना ती आमच्याच घरी राहिली, त्यामुळं निम्मी माझी. बी.कॉम. झाली, कॉम्प्युटर शिकली, इंग्रजी असं फाडफाड की आमच्या कॉलनीतले इंग्लिश मिडियमवाले तोंडात बोट घालायचे. पुढं इथंच एका कॉल सेंटरात लागली आणि लोकांच्या शिव्या खाऊन कंटाळली. तिला बाहेर जायचं होतं. "मावशी, मला जग बघायचंय," म्हणायची. मी म्हणायची, "बघ की, पण आधी आपली जेवलेली ताटली बघ, कवाधरनं तिथंच पडलीय."

एका दुपारी बहिणीचा फोन आला. आवाज आभाळाला टेकलेला.

"अगं, पोरगी फॉरेनला चालली! थायलंडला! नोकरी लागली तिला. गावात सत्कार ठिवलाय मारुतीच्या पारावर. फ्लेक्स तू करायचा. लई मोठा कर."

मी दुकानातच टाळ्या पिटल्या. भाची नोकरी सोडून गावी गेली होती, तिनं मागून फोन घेतला आणि सगळं सांगितलं. ऑफिसात बसून गिऱ्हाइकांशी इंग्रजीत चॅटिंग करायचं. राहणं-खाणं कंपनीचं. तिकीटही कंपनी काढते. हे सगळं जमवून दिलं होतं एका सरांनी. सर मुंबईचे. ते एका मैत्रिणीच्या ओळखीतून फोनवर भेटले होते, आणि त्यांनी एक रुपया घेतला नव्हता.

"आणि मावशी, व्हिसाची कटकटच नाही. आपल्या लोकांना तिथं व्हिसा लागतच नाही आता. पासपोर्ट घ्यायचा आणि विमानात बसायचं."

हे मला माहीत होतं, कारण थायलंड मी बघून आले होते. हसू नका. ज्या व्यापाऱ्याकडून आम्ही मशीनची शाई घेतो, त्यानं चांगल्या गिऱ्हाइकांची एक सहल काढली होती. मी नि नवरा गेलो होतो. मी तिथं टोपी घालून हत्तीशेजारी फोटो काढला, आणि तो फोटो नातेवाइकांत इतका फिरला की मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. तेव्हाही व्हिसा लागला नव्हता. त्यामुळं मी म्हणलं, "जा बाई जा, हत्तीला माझा नमस्कार सांग."

त्याच दिवशी डिझाइनला बसले. निळं आभाळ घेतलं, विमान जरा मोठंच टाकलं, आणि वर लिहिलं: आपल्या गावची लेक निघाली सातासमुद्रापार. नवरा मागून म्हणाला, "थायलंडला कुठले सात समुद्र?" मी म्हणलं, "तुम्ही मशीन बघा." मधोमध भाचीचा फोटो, पांढरा शर्ट, हसरी. बहिणीनं व्हॉट्सअॅपवर शुभेच्छुकांचे फोटो पाठवायला सुरुवात केली: सरपंच, दाजींचे चुलते, अडतीचे मालक, शाळेचे मास्तर. आता राहिले सर. त्यांच्यासाठी मी खालच्या ओळीत मधोमध सगळ्यात मोठा गोल काढला आणि त्याखाली टाकलं, मार्गदर्शक. ज्यानं पोरीचं कल्याण केलं त्याला मानाची जागा नको का?

भाचीला म्हणलं, सरांचा फोटो पाठव. ती म्हणाली, विचारते. संध्याकाळी तिचा मेसेज आला, सर नको म्हणतात, त्यांना प्रसिद्धीची हौस नाही.

मी खुर्चीतच वळले. नवऱ्याला म्हणलं, "अहो, ऐकलं का? एक माणूस फोटो नको म्हणतोय."

तोही मशीन थांबवून बघायला लागला. आमच्या अख्ख्या धंद्यात असा माणूस आम्हाला भेटला नव्हता. विनयानं नाही म्हणणारे खूप भेटले, पण ते नाही म्हणता म्हणता खिशातून फोटो काढतात. भाची मात्र भारावलेली. "बघ ना, किती साधे आहेत. नाहीतर आपले लोक!" मला ते काही पचेना. मी तिच्याकडून नंबर घेतला आणि मीच फोन लावला.

माणूस गोड बोलला. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "ताई, आपण सेवा म्हणून करतो. नाव नको, फोटो नको."

"अहो सर, नाव तरी सांगा. गाव विचारणार ना."

"सर एवढं पुरे आहे."

"बरं, कंपनीचं नाव टाकू?"

तिथं त्याचा आवाज बदलला. "मॅडम, ये बैनर-वैनर की जरूरत क्या है? लडकी पहुँचने दो, फिर जो करना है करो. अभी किसी को मत बताओ."

मी फोन ठेवला. आमच्याकडं गाडीला नंबर मिळाला तरी पेढे वाटतात, आणि हा म्हणतो कुणाला सांगू नका! चांगलं काम आणि लपवून? मी परत भाचीला फोन केला. तिला म्हणलं, विमानतळावर काय सांगायचं हे तुला त्यानं शिकवलंय का? ती सहज म्हणाली, "हो. विचारलं तर फिरायला आले म्हणायचं. हॉटेलचं बुकिंग दाखवायचं, परतीचं तिकीट दाखवायचं. ते नंतर कॅन्सल करतात."

आता मला सगळं आठवलं. सहलीच्या वेळी आमच्या गाइडनंही हेच शिकवलं होतं, की काउंटरवर विचारलं तर टुरिझम म्हणा. आम्ही म्हणलो, आणि त्या बाईनं धाडकन शिक्का मारला. पण आम्ही खरंच फिरायला गेलो होतो ना! हत्ती बघितला, नारळपाणी प्यालो, घरी आलो. व्हिसा माफ आहे तो पाहुण्याला. कामाला जाणाऱ्यानं तिथल्या कंपनीची कागदं आणि कामाचा परवाना घेऊनच गेलं पाहिजे. कामाला जायचं आणि पाहुणी म्हणून सांगायचं, म्हणजे पाय ठेवल्या ठेवल्या तूच खोटी ठरलीस. उद्या तिथं काही झालं तर कुणाकडं तोंड घेऊन जाणार? आणि एक रुपया घेतला नाही, ह्याचंच सगळ्यांना कौतुक! अगं, मुंबईचा माणूस तुझं तिकीट काढतो, फुकट नोकरी देतो, तो काय तुझा मामा लागतो? त्याला पैसे कुठून तरी मिळतच असणार. तुझ्याकडून नाही, तर तुझे.

हे सगळं मी शांतपणे सांगायला हवं होतं. पण माझं तोंड फटकळ. मी ओरडले. भाचीही माझ्याच तालमीतली, तीही ओरडली.

"मावशी, तुला जळतंय का? तुम्ही दोघं शाईवाल्याच्या पैशानं जाऊन आलात ते चालतं. मी माझ्या हिमतीवर चालले तर तुझ्या पोटात दुखतंय!"

बहिणीनं फोन हिसकावून घेतला. "सगळ्या गावाला आवतण दिलंय. आचारी सांगितलाय. आता तू काड्या घालू नगंस. फ्लेक्स करायचा तर कर, नायतर दुसरीकडून करून घेते." आणि फोन कट.

मला लई लागलं ते. जी पोरगी माझ्या मांडीवर झोपली ती म्हणते तुला जळतंय. नवरा म्हणाला, जाऊ दे, पोलिसांना सांगू. आम्ही गेलोही. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, असल्या गोष्टी कानावर येतात म्हणाले, पण पोरगी सज्ञान, स्वतःच्या मर्जीनं चाललेली. तिनं स्वतः तक्रार केली तर बघू. "तिला समजावा," एवढंच त्यांच्या हातात होतं. समजावणार कोण? माझा फोन तर ती उचलत नव्हती.

मग मी चिडले. खरं सांगते, मी काही डोकं-बिकं लावलं नाही, नुसती चिडले. म्हणलं, फ्लेक्स पाहिजे ना? घ्या! बहिणीनं सांगितला तसाच मोठा छापला. विमान, आभाळ, सात समुद्र, सरपंच, मास्तर, सगळे. आणि मधला मोठा गोल तसाच मोकळा ठेवला. पांढराफटक. खाली ठळक अक्षरात मार्गदर्शक. नवरा म्हणाला, "अगं, लोक म्हणतील मशीन बिघडली." मी म्हणलं, "म्हणू द्या."

सत्काराच्या दिवशी सकाळीच आम्ही गावी पोचलो. बहीण माझ्याकडं बघेना. मी गुपचूप पारासमोर फ्लेक्स बांधला आणि बायकांत जाऊन बसले. पारावर माईक, खुर्च्या, शाल-नारळाचं ताट, मागं कढईत बुंदी पडत होती. भाची नवा ड्रेस घालून बसली होती. फ्लेक्स बघून तिचं तोंड उतरलं, पण चारचौघांत काय बोलणार.

लोक जमायला लागले आणि मला पाहिजे होतं तेच सुरू झालं. आमच्याकडं फ्लेक्स कुणी वरून वाचत नाही. आधी खालची ओळ बघतात, आपला फोटो आहे का नाही ते. जो येईल तो गोलाजवळ थांबायचा. "हे मोकळंच काय ठिवलं?" "कोणाचा राहिला?" "ज्याचा राहिला त्याला राग येईल बरं!" प्रत्येकाला त्या न आलेल्या माणसाची काळजी. शेवटी दाजींचे चुलते उठले. ऐंशीच्या घरातला म्हातारा, डोक्याला फेटा, आवाज अजून खणखणीत. गावात त्यांना सगळे आबाच म्हणतात.

"कोण हाय हा मार्गदर्शक?"

मी बसल्या जागेवरून म्हणलं, "आबा, तिला नोकरी देणारे सर. त्यांनी फोटो दिला नाही."

"का?"

"हौस नाही म्हणले."

आबांना ते पटेना. पण त्यांच्या मनात शंका नव्हती, मान द्यायचा होता. "आसं कसं? आपल्या लेकीचं भलं केलं त्यानं. शाल आणलीया त्याच्यासाठी. पोरी, लाव फोन. मी बोलतो. फोटो नसंना, गोलाला शाल घालू, पण आभार मानल्याबिगर कार्यक्रम व्हायचा नाय."

भाचीनं आनंदानं फोन लावला. तिला वाटलं, आता मावशीची जिरेल. आधी व्हिडिओ कॉल लावला, तो त्यानं तोडला. मग साधा लावला. आबा म्हणाले, लोकांना बी ऐकू दे, आणि भाचीनं स्पीकर चालू करून फोन माईकशी धरला. अख्ख्या पारावर घंटी वाजली.

"हॅलो?"

"राम राम साहेब," आबा म्हणाले. "मी पोरीचा चुलत आजा. तुमचा सत्कार ठिवलाय. येता का?"

"नाही नाही, बिझी आहे मी."

"मंग यवढा व्हिडिओ चालू करा. तुमचं दर्शन तरी होऊ द्या. गाव जमलंय सारं."

 मग तो आवाज आला, जो मी दुकानात ऐकला होता, पण आता गोडवा नव्हता.

"फोन लडकी को दो."

"बोला सर, ऐकतीय," भाची म्हणाली.

"मैंने बोला था ना, किसी को बताने का नहीं? पूरे गाँव को जमा किया? अकल है क्या? सुन, तेरा टिकट निकल गया है. आगे बात हो गई है. अब जाना तो पडेगा. समझी? जाना तो पडेगा!"

शेवटचे शब्द कर्ण्यातून पार ओढ्यापर्यंत गेले असतील. हिंदी कळत नाही असा आमच्याकडं कोण आहे?  कढईपाशी आचारी झारा हातात धरून तसाच उभा राहिला. बहिणीनं पदर तोंडाला लावला.  

भाची त्या फोनकडं बघत उभी होती. तिनं एकदा फ्लेक्सकडं बघितलं, त्या मोकळ्या गोलाकडं. मग माईक ओढून जवळ घेतला.

"सर, तुमचं नाव काय?"

पलीकडून शिवी आली.

"तुमचं नाव सांगा, म्हणजे मी येते."

फोन कट झाला. ती तशीच माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी जात नाही." आधी हळू म्हणाली. मग परत म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणताना रडली.

कुणाला काय करावं सुचेना. एवढी माणसं जमलेली, बुंदी झालेली, आणि जाणारी पोरगी म्हणते जात नाही. मला वाटलं, आता कुणीतरी कुजकं बोलणार. तेवढ्यात आबांनी ताटातली शाल उचलली, झटकली आणि भाचीच्या खांद्यावर टाकली. "सत्कार व्हणारच," म्हणाले. "जाण्याबद्दल आणली हुती, आता न जाण्याबद्दल घे. वाजवा टाळ्या." मास्तरांनी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. बहीण माझ्या गळ्यात पडली आणि मला बोल बोल बोलली, की तुला आधी नीट सांगता येत नव्हतं का सटवे! मी म्हणलं, सांगत होते तर फोन कुणी कापला? दोघी रडलो नि बुंदी खाल्ली.

भाची माझ्याबरोबर शहरात आली. गावात तोंड दाखवायला तिला लाज वाटत होती. दुकानात बसायची, डिझाइन शिकायची, पण हसायची नाही. "मी एवढी शिकलेली, आणि असं कसं झालं?" हेच घोकायची. मी म्हणायची, शिकलेलीच पाहिजे होती त्याला. त्याला काय आमच्यासारख्या बायांचं हिंदी-मराठी पाहिजे होतं?

पण एव्हाना त्या मोकळ्या गोलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरला होता, आणि त्याबरोबर कुणीतरी रेकॉर्ड केलेला तो माईकवरचा आवाजही. आमच्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव नि नंबर असतो. त्यावरून एक दिवस सिल्लोडकडचा एक माणूस दुकान शोधत आला. मक्याचा छोटा व्यापारी, दाढीवाला, दमलेला. बसा म्हणलं तरी बसेना. मोबाइल पुढं करून, ताई म्हणावं तसं म्हणाला, "बाजी, ये आवाज. हाच आहे. माझ्या धाकट्या भावाला ह्यानंच नेलंय."

भाऊ थायलंडला उतरला होता, तोही व्हिसा नको म्हणून खूश होऊन. विमानतळावरून गाडीत बसवलं. खूप लांब नेलं, मग नावेतून एक नदी ओलांडली, आणि तेव्हा त्याला कळलं की देशच बदलला. फोन घेतला, पासपोर्ट घेतला, उंच भिंतीच्या आत कोंडलं. इंटरनेटवर लोकांशी गोड बोलून त्यांना लुबाडायचं, हे काम. नाही म्हणलं की मार. हे त्यानं कुणाच्या तरी फोनवरून चोरून घरी कळवलं होतं, आणि तेव्हापासून हा माणूस दारोदार फिरत होता.

भाची कॉम्प्युटरवरून उठली. मला वाटलं, ती आत जाऊन रडणार. तिनं स्टूल ओढून त्याला बसवलं आणि म्हणाली, "दादा, मला सगळं पहिल्यापासून सांगा." त्याच दिवशी तिनं तिथल्या भारतीय वकिलातीला इंग्रजीत सगळं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन पोलिसांकडं गेली, आणि ह्या वेळी तक्रार द्यायला माणूस होता, आवाज होता, तिची स्वतःची जबानी होती. साहेबांनी मनावर घेतलं. ती थकली नाही. उत्तर नाही आलं की परत लिहायची. मी म्हणायची, जेव तरी. म्हणायची, "मावशी, त्याच्या जागी मी असते." मग मी ताट तिच्या टेबलावरच आणून ठेवायची.

बरेच महिने गेले. आणि मग त्या भिंतीच्या आतून बरीच पोरं सुटली, त्यांत सिल्लोडचा पोरगाही सुटला. सरकारनं विमानानं आणलं. दोघं भाऊ दुकानात पेढे घेऊन आले. पोरगा वाळला होता, मोठा आवाज झाला की दचकायचा, पण पेढा त्यानं स्वतःच्या हातानं भाचीला दिला. मी म्हणलं, "बेटा, तुझ्या स्वागताचा फ्लेक्स करून देते, फुकट." तो कसनुसा हसला. "नको बाजी. तिथं दिवसभर दुसऱ्याच बाईचा फोटो लावून बोलायला लावायचे. माझा स्वतःचा चेहरा मला जरा बघू द्या आधी." मग आरशात बघावं तसं त्यानं मोबाइलचा कॅमेरा उघडून स्वतःकडं बघितलं, आणि भावाला म्हणाला, दाढी करायला पाहिजे.

तो सर पुढं सापडला की नाही, मला ठाऊक नाही. त्याचा तो नंबर बंद लागतो. भाचीची जिद्द मात्र बंद पडली नाही. मला वाटलं होतं ही आता वैजापूरच्या पलीकडं जायची नाही. पण तिला जग बघायचंच होतं. मस्कतच्या एका हॉटेलात हिशेबाच्या खात्यात जागा निघाली. ह्या वेळी तिनं एजंटचं नाव सरकारी नोंदणीत शोधून बघितलं. मुलाखत घेणाऱ्या बाईला व्हिडिओवर बघितलं, मलाही दाखवलं. त्या बाईला मी नमस्कार केला, तिनंही केला. करार आला, तो भाचीनं ओळ न् ओळ वाचला. आणि मग व्हिसासाठी थांबलो. थांबलो आणि थांबलो. बहीण रोज विचारायची, आला का? आला तेव्हा भाची तो कागद घेऊन माझ्याकडं पळत आली. त्यावर तिचा फोटो होता, तिचं नाव होतं, आणि तिला बोलावणाऱ्या कंपनीचं नावही होतं.

"मावशी, ह्याला व्हिसा लागतो," म्हणाली. "लागतो ते बरं वाटतंय बघ."

सत्कार परत पारावरच ठेवला. फ्लेक्सला मात्र तिनं मला हात लावू दिला नाही. नवऱ्यालाही फितवलं. दोघांनी दुकानाचं शटर ओढून काय केलं कुणास ठाऊक. गावात गेलो तर पारासमोर गर्दी, आणि सगळे माझ्याकडं बघून हसताहेत. मी पुढं झाले. तेच आभाळ, तेच विमान, समुद्र ह्या वेळी एकच. खालच्या ओळीत सरपंच, मास्तर, आबा. आणि मधल्या गोलात, मार्गदर्शक म्हणून, टोपी घातलेली मी! तोच हत्तीचा फोटो! हत्ती कापून टाकला होता, पण सोंडेचा शेंडा माझ्या खांद्यावर तसाच राहिलेला.

"अगं कार्टे!" मी ओरडले. "कटिंग तरी नीट करायचं! एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं!"

ती गळ्यात पडली. मला रडू आवरेना. इतक्या माणसांना मी त्या गोलात बसवलं, पण तिथं बसल्यावर असं वाटतं हे मला माहीत नव्हतं. त्या मंडपवाल्याची मला उगाच आठवण आली, आणि मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. आबा काठी टेकत पुढं आले, गोलाकडं बघून म्हणाले, "आत्ता भरला."

मी डोळे पुसले, परत एकदा नीट बघितलं आणि भाचीला म्हणलं, "ते सगळं ठीक आहे. पण माझा गोल सरपंचापेक्षा लहान का?"